दुमाकाकूला मारलेली हाक

हॉस्पिटलमधून घरी येऊन मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या, तेवढ्यात फोन वाजला. सुमात्राहून तोगारमामा, दुमाकाकूचा धाकटा भाऊ. काकू पहाटे गेली होती, आणि ते त्याला कसं सांगायचं याची जुळवाजुळव मी सगळा रस्ता करत आले होते... मी तोंड उघडायच्या आधी तोच त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, "इतके दिवस ती इथे कॉफीच्या मळ्यात दिसत होती. आज अंधार पडताना बघितलं, तर नाही. तुम्ही तिला हाक मारलीत का?" माझी मुलगी ईरा दारात उभी होती. फोन स्पीकरवर होता आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुमाकाकू म्हणजे माझ्या श्रीकांतकाकाची बायको. काका तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. तरुणपणी त्याची नेमणूक सुमात्रात झाली, आणि तिथे तो बाटाक जमातीतल्या या मुलीच्या प्रेमात पडला. टोबा नावाचं अवाढव्य तळं आहे, त्याच्या वरच्या डोंगरात तिचं गाव. बाहेरचा जावई त्यांना चालत नाही, म्हणून त्यांनी काकालाच आपल्या एका कुळात घेतलं, कुळाचं नाव दिलं, दोघांना मिळून हातमागाची एक शाल पांघरली आणि विषय संपवला. इकडे नागपुरात आमच्या आजीने अन्नपाणी सोडलं होतं आणि तिकडे अख्खं गाव याला आपला म्हणून नाचत होतं! पुढे दोघं टेक्सासला, शुगर लँडला आले. मी शिकायला आले ती त्यांच्याच घरी राहिले, आणि नंतर घर घेतलं तेही त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मूलबाळ नव्हतं तिला. मी होते, आणि मग ईरा.

मराठी ती काकाकडून शिकली. फाडफाड बोलायची, चुकली तरी कुणाची पर्वा नाही. स्वयंपाकघरात एका डब्यात गावाकडचा मिरीसारखा मसाला असायचा, आपल्या तिरफळाची सख्खी बहीणच. त्यातले दोन दाणे माशाच्या कालवणात पडले की जीभ बधिर. "गाव असंच आहे," ती म्हणायची. "आधी झोंबतं, मग काही कळत नाही."

गावाबद्दल तिला कितीही विचारा. समोरासमोर घरांच्या दोन रांगा, मधे अंगण, मागे छोटे कांदे, मका आणि कॉफी. घरांची छपरं दोन्ही टोकांना होडीसारखी वर उचललेली, आता मात्र गंजक्या पत्र्याची. पोरं शाळा संपली की शहरात जातात ती परत येतात सुटीला, नाहीतर मयताला. पैसे पाठवतात, पण त्यातून घर दुरुस्त होत नाही. पूर्वजांची हाडं उकरून, धुऊन, एकत्र ठेवायची असतात, त्यासाठी टाइल्स लावलेली, रंगवलेली थडगी उभी राहतात. "आमच्याकडे नवं बांधकाम फक्त मेलेल्यांचं," हे ती हसत सांगायची. मला ते ऐकून शहारा यायचा. डोंगरावर उतरत्या उन्हात चकाकणारी ती थडगी, आणि त्यांच्या खाली बंद दारांच्या रांगा. फक्त एका दाराआड चूल पेटलेली, ती तोगारमामाची.

पण मला सांगायचंय ते तिच्या हाकेबद्दल. काकू रविवारी न चुकता चर्चला जायची, तरी एका बाबतीत ती शंभर टक्के डोंगरातली होती. माणसाचा जीव, त्यांच्या भाषेत तोंदी, फार बुजरा असतो म्हणे. माणूस घाबरला, आजारी पडला, नाहीतर एखाद्या जागी फार रमला, की शरीर उठून निघतं आणि जीव तिथेच रेंगाळतो. मग तिथे जाऊन नाव घेऊन त्याला हाक मारायची, घरी आणायचं आणि डोक्यावर चिमूटभर तांदूळ ठेवायचे. माझी गाडी एकदा हायवेवर ठोकली गेली. मला खरचटलंही नव्हतं, पण पुढे कित्येक दिवस झोप नाही, जेवण नाही. काकूने मला गाडीत घातलं, त्याच जागी रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि भन्नाट जाणाऱ्या ट्रकांच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली, "चल गं, घरी चल!" मी लाजेने अर्धमेली. पण घरी येऊन तांदूळ ठेवले आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले. "पाद्रीबाबांना सांगू नकोस हं," एवढंच ती म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरात रीतच पडली. मॉल असो, समुद्र असो, दाताचा डॉक्टर असो, निघताना गाडीपाशी उभं राहून सगळ्यांची नावं घ्यायची. "चला, घरी चला." मी तिला चिडवायचे, की लोकांच्या डोक्यावर लग्नात एकदा अक्षता पडतात, आमच्या दर वीकेंडला. ईराला हे सगळं जन्मापासूनच. ती इंग्लिशमध्ये विचार करते, पण निघताना हाक मारते ती मराठीत, सीटबेल्ट लावावा तितक्या सवयीने.

काका गेल्यावर काकूचं मन गावाकडे लागलं. दर रविवारी व्हिडिओ कॉल. आमची सकाळ म्हणजे त्यांची तिन्हीसांज. मामाच्या मागे धुकं चढत असायचं. कांद्याला भाव नाही, कॉफी तोडायला माणूस नाही, शाळा आता खालच्या गावातल्या शाळेत मिसळणार. खाली तळ्याकाठी हॉटेलं झाली, तिथले पर्यटक वर बघून फोटो काढतात आणि परत जातात. काकूने बेत केला होता, आपण परत जायचं, घराचं छप्पर नीट करायचं, दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, स्वतःच्या मळ्यातली कॉफी पाजायची. "एका घरात दिवा लागला की दुसरं उघडतं," ती म्हणायची. मग गुडघ्याचं ऑपरेशन आलं, मग हृदय. पुढच्या हंगामाला, पुढच्या हंगामाला... असं करत जायचं राहिलंच.

शेवटी हॉस्पिटलात होती तेव्हा एका शनिवारी सकाळी डोळे मिटूनच म्हणाली, "तोगारच्या चुलीवरचा पत्रा उचकटलाय. पाऊस आत येतोय." मी औषधांवर ढकललं. रविवारी तिच्या खाटेपाशी बसूनच, व्हिडिओ न लावता, मामाला फोनवर सहज विचारलं. तो म्हणाला, "पत्रा कालच उडाला. आणि ती आलीय इथे. मळ्यात उभी असते. निळा स्वेटर." निळा स्वेटर मी आदल्या दिवशीच दुकानातून आणून तिला घातला होता. मामाला तो कुणी दाखवला नव्हता.

मामा रडायला लागला. म्हणाला, "तिला तिथूनच हाक मार, परत ने. जवळच्या माणसाची हाक लांबूनही पोचते. हाक मारलीस तर वाचेल." मी खरंच उठले होते, तोंडावर तिचं नाव आलं होतं. का येऊ नये? मला ती हवी होती! काकूने माझं मनगट धरलं. एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. "मला हाक मारू नकोस," ती म्हणाली. "एवढ्या मुश्किलीने पोचलेय. शरीर कुठेही ठेवा, टेक्सासला जागेला तोटा नाही. मला तिथे राहू दे." मी कबूल केलं आणि बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. पुढचे दिवस मी तिला काकू म्हणूनसुद्धा बोलावलं नाही. नुसतीच हात धरून बसायचे.

आणि ती गेली. कागदपत्रं झाली, तिची बॅग घेऊन आम्ही दोघी पार्किंगमध्ये आलो. उजाडलं होतं. ईरा गाडी चालवणार होती. तिला यातलं काही सांगितलंच नव्हतं, सतरा वर्षांच्या मुलीला काय सांगणार? तिने दार उघडलं, डोळे पुसले आणि रोजच्यासारखंच म्हणाली, "चल आई, घरी चल. काकू, घरी चल."

मी जागच्या जागी थिजले. गाडी सुरू झाली आणि मागच्या सीटचा बेल्ट लावा म्हणून टिंग टिंग वाजायला लागलं. बॅगेचं वजन असेल, असं म्हणून मी बॅग मांडीवर घेतली. आवाज घरापर्यंत थांबला नाही.

त्यानंतर ती मळ्यात कुणाला दिसलेली नाही. दर रविवारी मामा विचारतो, "आहे ना तिथे?" मी हो म्हणते. दफन इथेच झालं, तिच्या म्हणण्याप्रमाणे. ईराला मी सगळं सांगितलं तेव्हा ती इतकी रडली की मलाच तिची समजूत घालावी लागली. मग तिनेच तिकिटं शोधली. जूनमध्ये आम्ही दोघी जातोय. मामाने पत्रा बसवून घेतलाय आणि शेजारचं एक घरही झाडून ठेवलंय, आमच्यासाठी. इथून निघताना काकूला हाक मारायची, हे सोपं आहे. अवघड पुढचं आहे... तिथून परत निघताना ईराचं नाव घ्यायचं, माझं घ्यायचं, आणि तिसरं घ्यायचं नाही. मला ते जमेल की नाही, देवच जाणे. खरं सांगू? मला ती इथेच हवी आहे.

गाडी गॅरेजला दाखवून झाली. सेन्सर ठीक आहे म्हणाले. बेल्ट अजून वाजतोच. परवा भाजी आणायला निघालो, तर ईराने आधी मागचं दार उघडलं, रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढला आणि खटकन लावला. आवाज बंद झाला. दार लावता लावता हळूच म्हणाली, "जूनपर्यंतच हं, काकू."