दुसरा रकाना

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरगावातल्या घरी दाढी करत होतो. फोनवर त्याची बायको, सुनंदावहिनी. त्या शाळेत शिकवतात. आवाज हजेरी घेताना असावा तसा स्पष्ट. "जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले होते, भाऊजी. शेजाऱ्यांना वाटलं, गाणी ऐकताहेत. कानातलं वाजतच होतं हो... मला ते बंद करता येईना." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी अर्ध्या दाढीनिशी लालबागला निघालो. टॅक्सीत बसल्यावर आधी आठवलं ते एक वाक्य. चारच दिवसांपूर्वी, रविवारी चहाच्या वेळी, मिलिंद ते माझ्यासमोर बोलला होता आणि ते ऐकून मी गप्प बसलो होतो.

मिलिंद लिफ्टचा मेकॅनिक. गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले त्यांतल्या कितीतरी लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्या. वडील जिथे साचे चालवायचे तिथेच तो आता माणसं वर-खाली करत असे. स्वतः मात्र चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचा. कामाचा नियम एकच : आवाज आला की लिफ्ट बंद, कारण नंतर. सोसायटीचा सेक्रेटरी "आज पूजा आहे हो, पाहुणे येणार, उद्या बघा" म्हणून गयावया करायचा, तोवर ह्याने मेन स्विच खाली ओढलेला असायचा. प्रत्येक लिफ्टची वही, वहीत दोन रकाने : तक्रार कधी आली, निवारण कधी झालं. दुसरा रकाना रिकामा दिसला की त्याला जेवण जात नसे.

आमची ओळख दादरच्या कॉलेजातली. मी कवितावाला, म्हणजे नाक मुरडायला कायम तयार. त्याने एका दुपारी माझ्या कानांवर हेडफोन चढवला. अमेरिकेतल्या कुठल्याशा वस्तीतला रॅप. मला ओ की ठो कळेना. "शब्द सोड रे, श्वास ऐक," तो म्हणाला. "इथे बघ... दम लागला त्याला. जिना चढून आल्यासारखा. हे त्यांनी पुसलं नाही, म्हणून हा अल्बम मोठा." त्याचे वडील जयंतीला गायन पार्टीत गात, तेव्हा माइक असाच श्वास पकडायचा म्हणे. त्यामुळे हे संगीत त्याला परकं कधी वाटलंच नाही. कुठल्याही अल्बमची पहिली तीन गाणी तो ऐकल्या न ऐकल्यासारखी करी. "चौकातला बॅनर आहे तो. मी असा, माझा वाढदिवस असा. खरा माणूस चौथ्या गाण्यापासून बोलतो." तोच गायक पुढे श्रीमंत झाला, गाणी गुळगुळीत झाली, तेव्हा मिलिंदने एका वाक्यात निकाल दिला : "ह्याच्या घरी लिफ्ट आली."

गुन्हेगारी सिनेमांबद्दलही तो असाच कडक. मागे धूर सोडून संथ चालणारे डॉन त्याला बघवत नसत. "एवढ्या हळू चालणाऱ्याला आमच्या मार्केटमध्ये भाजीवालीने ढकललं असतं." त्याला आवडायचे ते सिनेमे, ज्यांत खून करून आलेल्या माणसाला गाडी कुठे लावू याची चिंता पडते. आणि त्या सगळ्यांमधून त्याने एक कायदा शोधून काढला होता. जो माणूस "एकदा हे काम झालं की..." असं म्हणतो, तो मरतो. झालं की गावाला जाईन, झालं की लग्न करीन, पुढचं काहीही असो. लिफ्टच्या वह्यांतलीच एक त्याने यासाठी घरी ठेवली होती. रकाने दोन : बोलला, गेला. बावन्नाव्या मिनिटाला बोलला, एकोणऐंशीव्याला गेला. रविवारी दुपारी आम्ही सिनेमा लावायचो. पडद्यावर ते वाक्य आलं की तो रिमोट दाबून सिनेमा थांबवायचा, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल उचलायचा. "गेला रे हा, गिरगावकर. चहा पिऊन घे तोवर."

मिलिंदचा मुहूर्तावर विश्वास नव्हता. मांजर आडवं गेलं तर तो मांजराची चौकशी करी. पण ते वाक्य त्या खोलीत कुणी उच्चारायचं नाही. मी एकदा "एकदा रिटायर झालो की" एवढंच म्हणालो, तर उशी फेकून मारली. "घरात बोलू नको रे!"

त्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं बाजारातून जिना चढून आलो. तो वाटेत दोनदा थांबला. त्याचा श्वास मला दोन पायऱ्या मागे ऐकू येत होता. "अल्बम काढ आता," मी म्हणालो. तो हसला. मीही हसलो. आता तो विनोद आठवतो तेव्हा हातातला कप खाली ठेवावा लागतो. त्याआधी दोन महिने मंडळाच्या आरोग्य शिबिरात, पाहुण्यांचे हारतुरे आटोपल्यावर उरलेल्या वेळात, डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही हृदयाच्या पुढच्या तपासणीच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. त्याची फ्रिजवर चिकटवलेली होती. चहा ठेवताना वहिनी म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा, भाऊजी." मिलिंदची नजर टीव्हीवर. "करतो ग. एकदा प्रज्ञाचं लग्न पार पडलं की..."

प्रज्ञा त्यांची मुलगी. लग्न दिवाळीनंतर.

त्याने सिनेमा थांबवला. पडद्यावर एक माणूस गाडीचं दार उघडत होता, तो तसाच राहिला. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. "काय बघतोस? मी काय पिक्चरमध्ये आहे?" आणि बटण दाबलं. आवाज आला की लिफ्ट बंद, हे त्याचंच वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण सिनेमा रंगात होता... मी चहा प्यायलो.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चौकात बॅनर लागला. त्यावर काळा चष्मा लावलेला मिलिंद, भोवती सात शोकाकुल नेत्यांचे फोटो, त्याच्याहून मोठे. त्याच्या हिशोबाने ही पहिली तीन गाणी.

परवा वहिनींनी बोलावलं. पेपरच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहा म्हणाल्या आणि टीव्हीखालून ती वही काढून पुढे ठेवली. शेवटच्या पानावर त्या रविवारचा सिनेमा, दोन्ही रकाने भरलेले. त्याखाली त्याच्याच अक्षरात, 'मी. रविवार, ४ वा. ५ मि.' शेजारचा रकाना रिकामा. मी गेल्यावर त्याने लिहिलं असणार.

"हा खेळ मला माहीत नाही असं समजू नका," वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षं चहा मीच आणून देत होते. तुम्ही समोर होतात ना?"

"होतो."

"मग?"

"काही बोललो नाही."

त्यांनी पेन्सिल उचलली आणि फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरात दुसरा रकाना भरला : 'गुरुवार, ७ वा. ४० मि.' "रिकामा ठेवलेला त्यांना चालायचा नाही," एवढंच म्हणाल्या. मग वहीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "तुमच्या चिठ्ठीचं काय झालं, भाऊजी?"

"करणार आहे, वहिनी," मी म्हणालो. "एकदा हा लेख लिहून झाला की..."

वहिनींनी मान वर केली. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. पेन्सिल त्यांच्या हातातच होती.