मुक्कामपट्टीच्या पावतीवर कोण?

खाडीयुद्धात सौदीतल्या दम्मामच्या बाजूला क्षेपणास्त्रं यायला लागली, तेव्हा आम्ही तिघं तिथून हुफूफ गावाला आलो. मुलगी आठ वर्षांची. नवऱ्याला संध्याकाळच्या आत कारखान्यावर परतणं भाग होतं. त्याआधी आम्हा मायलेकींना थोड्या दिवसांसाठी एक खोली हवी होती, आणि सामानासकट भाड्याने मिळणारी एक मिळालीही. पण भाड्यावर बलदियाची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, मुक्कामपट्टी होती. मालक आधी तिची पावती लिहायचा, मग किल्ली द्यायचा.

माझा पासपोर्ट पाहून म्हातारा मालक थबकला. त्यांच्याकडे बाईच्या नावापुढे जन्मभर बापाचंच नाव. माझ्या नावापुढे नवऱ्याचं, आणि मुलीच्याही पुढे तेच. त्याने पावतीवर लिहून टाकलं, बाप आणि दोन मुली.

नवरा परत जाणार हे कळल्यावर तर तो म्हणाला, "बाप जाएगा, तो दो बिंत, दो लड़की अकेली? रूम नहीं. खलास."

नवऱ्याने लग्नाचा अरबीत केलेला दाखला पुढे केला. त्यावर माझं माहेरचं नाव. ही कुणी तिसरीच बाई असं समजून म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "ये माँ है! इसको लाओ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा हळूच म्हणाला, "चल, दुसरीकडे बघू."

"दुसरीकडेही मी तुमची मुलगीच ठरणार. मी इथून हलत नाही."

मी दोघांचे पासपोर्ट शेजारी ठेवले आणि जन्मतारखांवर बोट आपटलं. "ये मुझसे चार साल बड़ा है. चार साल का बाप?"

म्हातारा खो खो हसला. पण पावतीवर नवऱ्याचं नाव माझ्यापुढे लावायला काही तयार होईना. बलदियावाले पुन्हा तोच घोळ घालतील म्हणाला, आणि नवी पावती पुढे करून पेन माझ्याच हातात दिलं. "बाप का नाम लिखो."

मी लिहिलं. लग्नानंतर दहा वर्षांत पहिल्यांदाच. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. पूर्ण लिहिलं, आडनावासकट. म्हाताऱ्याने शिक्का मारला, पावती आणि किल्ली माझ्याकडे दिली. नवऱ्याने घड्याळ पाहिलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो निघाला.

जिना चढताना मुलीने पावती वाचली. "मम्मी, युवर नेम इज राँग."

"नाही गं," मी म्हटलं, "हे माझंच आहे."