स्क्रीनवरचं कुंकू

मैत्रिणींनो, दसऱ्याला नवऱ्याने घरच्या मॉनिटरची पूजा केली आणि कुंकवाचं बोट थेट स्क्रीनला टेकवलं. आज तो डाग पुसायला घेतला, तेवढ्यात त्याचा ऑफिसातून फोन. म्हटलं, स्क्रीन पुसतेय.

"अगं, काचेचा स्प्रे मारू नकोस हं! आधी बंद कर. मऊ कापड जरासं ओलं कर, हलक्या हाताने पूस, मग कोरड्याने."

"बरं."

पुसून झाल्यावर कळवलं, एकही रेघ नाही.

"ग्रँड! तुला काय, दिवसभर वेळच वेळ."

पुण्यात कॉम्प्युटर लॅबमध्ये हेच मी मुलांना शिकवायचे. इथे परदेशात, नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या माझ्या डिपेंडंट व्हिसावर, मला नोकरीला परवानगी नाही. दोन वर्षं ल्यूकनच्या या घरात मी नुसतं "बरं" म्हणतेय.

डिपेंडंट मैत्रिणींनो, इथे येण्याआधी तुम्ही कोण होतात?