एकमेव सत्याचा अर्ज

माझं लग्न एका अर्जावर अडलं होतं. निगडीला, प्राधिकरणातल्या माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या घरी, रविवारची जेवणं आटोपल्यावर त्याच्या वडिलांनी तो माझ्यापुढे ठेवला. ते मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. आम्ही बौद्ध. मला बाप्तिस्मा हवा आहे, आणि हाच एकमेव खरा धर्म आहे याची मी पूर्ण खात्री करून घेतली आहे, असं त्यात छापलेलं होतं. खाली सहीची जागा.

‘खात्री करून घेतली आहे’ हे वाचून मला हसू आलं आणि मी ते दाबलंही नाही. तळवड्यातल्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणीचं काम करते. चाकणला जाणारे गाड्यांचे बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, आमच्याकडे बनतात. मोजून बरोबर निघालं तर हिरवं स्टिकर, चुकलं तर लाल, आणि ज्याची मोजणीच झालेली नाही त्याला पिवळं, म्हणजे होल्ड. पिवळा माल वाईट नसतो. त्याच्याबद्दल अजून कुणालाच काही माहीत नसतं, एवढंच.

“काका,” मी त्याच्या वडिलांना म्हणाले, “हे माझ्याकडून होल्डवर आहे.”

काकांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेलेली, त्यामुळे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी चष्मा काढला. “कशासाठी होल्ड?”

“ज्यानं माल बनवला त्यानंच तो पास केला, तर चालायचं का तुम्हाला? तुमचं शास्त्र खरं कशावरून, तर शास्त्रातच तसं लिहिलंय म्हणून. बरं, एकाच पूर्वजाचं नाव सांगणारी घरं तीन. यहुदी म्हणतात, देवाचा करार आमच्याशी झाला. तुम्ही म्हणता, तो पुरा होऊन नवा करार झाला. मुसलमान म्हणतात, दोघांना मिळालं ते खरंच होतं, पण लोकांनी ते बिघडवलं, आता शेवटचा शब्द आमच्याकडे. ग्रंथ तिघांकडे आहे आणि त्यासाठी जीव दिलेली माणसंही तिघांकडे आहेत. आमच्या मशीनवरचा मुसलमान ऑपरेटर रोज माझ्यासोबत डबा खातो. तुमच्याइतकाच सज्जन आहे आणि त्याची खात्रीही तुमच्याइतकीच आहे. मी कुणाला रिजेक्ट करू? आणि मोजू कशानं?”

त्याची आई स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. भांड्यांचा आवाज थांबला. तो मात्र माझ्या शेजारी बसून मोबाईल बघत होता.

“तुझा गेज कोण तपासतं?” काकांनी विचारलं. गेज म्हणजे आमचं मोजायचं साधन.

“मास्टर गेजवर तपासतो.”

“आणि मास्टर?”

“बाहेरच्या लॅबमध्ये जातो.”

“त्या लॅबचा?”

“त्याहून मोठ्या लॅबमध्ये.”

“आणि सगळ्यात वरचा?”

मी अर्जावरची सहीची जागा बघत राहिले.

“कुठंतरी विश्वास ठेवावाच लागतो, पोरी. मी तिथं प्रभूला ठेवलंय.”

म्हाताऱ्यानं मला चांगलंच पकडलं होतं. पण मी कसली ऐकतेय! “मग अर्जात तसंच छापा ना, की विश्वास ठेवते. खात्री केली, असं का? आणि वर एकमेव कशाला?”

“म्हणजे सगळेच खोटे म्हणतेस?” त्यांचा आवाज चढला.

“नाही काका. लाल स्टिकर लावायलाही मोजावं लागतं.”

“आणि तुमचं? ते खरं?”

“माझ्या वडिलांनाही हेच विचारलं होतं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मग म्हणाले, तपास, आपल्यात तपासायला मनाई नाही. त्यांचंही माझ्याकडे पिवळंच आहे.”

काका उठून खिडकीशी गेले. मी अर्ज तसाच ठेवून खाली पार्किंगमध्ये उतरले. तो मागोमाग आला.

“अगं, सही करून टाक ना. मी तरी कुठं मानतो यातलं काही? पप्पांना बरं वाटेल, चर्चच्या मंडळीत नाव लागेल, विषय संपला. कोण तपासायला येतंय?”

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकदा न मोजता आकडे भरले होते. शिफ्ट संपत आली होती, कंपनीची बस सुटली असती, म्हणून सगळ्या बुशची मापं मनानंच लिहिली. सगळी ठरलेल्या मर्यादेच्या छान मधली, एकही काठावरचं नाही. साहेबांनी कागदावर नुसती नजर टाकली. खरी मापं इतकी शहाणी नसतात, म्हणाले. आणि सगळ्यांसमोर मला पूर्ण लॉट पुन्हा मोजायला लावला. माल एकूण एक चांगला निघाला. तरीही मला स्वतःची इतकी लाज वाटली की आठवडाभर मी कॅन्टीनला गेले नाही.

हे मी त्याला आधीही सांगितलं होतं, तेव्हा तो खूप हसला होता. आता मी म्हणाले, “तुझे वडील ज्यावर जन्मभर उभे राहिले, त्यावर मी खोटी सही करू?”

“मग काय, आयुष्यभर भांडत बसणार त्यांच्याशी?”

“हो.”

“तूपण ना,” म्हणून त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. त्याला ती गंमत वाटली होती. मला तो फार आवडायचा. त्या क्षणीही आवडत होता, त्याचाच तर जास्त राग येत होता.

मी त्याला तिथंच सोडून पुन्हा वर गेले. काका टेबलाशी येऊन बसले होते. मी काही बोलायच्या आतच त्यांनी अर्ज बाजूला सारला.

“हे बघ, ‘एकमेव’ हा शब्द पाळकसाहेब काढणार नाहीत. मीही काढू देणार नाही. पण बाप्तिस्म्यासाठी आपण थांबू. वर्ष लागो, दोन वर्षं लागोत. लग्न रजिस्टर करा, मी साक्षीला येतो. तू शास्त्र वाच आणि माझ्याशी भांड. होल्ड म्हणालीस ना? मग होल्ड.”

माझे डोळे भरून आले. इतकं तर माझ्या घरच्यांनीही कुणासाठी सोडलं नसतं.

“काका, हे लग्न मी करत नाही.”

“आता काय झालं? ऐकलं ना मी तुझं?”

“तुमच्यामुळे नाही.”

“मग?”

“मी खोटी सही केली असती तर तुम्हाला कळलं नसतं. तुमच्या मुलाला कळलं असतं, आणि त्याला काहीच वाटलं नसतं.”

काकांनी मान खाली घातली. त्यांनी मला थांब म्हटलं नाही.