दाराच्या त्या बाजूचे ओरखडे

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. पोस्टात सॉर्टिंगला एकवीस वर्षं काढलेला माणूस आहे मी. ज्याला पत्ता नाही ते पत्र बाजूला टाकायचं, एवढंच मला शिकवलेलं. वाचून कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. पण झालं ते झालं, आणि त्यातला माझा दोष मी सोळा वर्षं लपवला.

घर हनुमाननगरात. ओळीनं तीन खोल्या... बैठक, मधली खोली आणि मागे टिनाच्या छपराचं स्वयंपाकघर. गल्लीच्या टोकाला जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले एक कंपाउंडर राहायचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. गोठ्यात त्यांनी जखमी कुत्री-मांजरं ठेवलेली. आई नसलेली पिल्लं ते ओळखीच्या घरी सांभाळायला देत आणि मोठी झाली की परत नेत. माझी बायको सिंधू ह्या कामात सगळ्यांत तयार.

त्या मे महिन्यात तिच्याकडे तीन पिल्लं होती. जेमतेम आठवड्याची, डोळे मिटलेले. त्यांची आई — फाटक्या कानाची पांढरी मांजर — ट्रकखाली गेली होती. काकांनी तिला बाभळीखाली पुरलं, खड्डा मी खणला. म्हणजे ती मेली होती ह्याबद्दल मला कोणी शिकवू नये.

सिंधूला चुलतबहिणीच्या लग्नाला भिवापूरला जायचं होतं, एक रात्र. निघताना तिनं मला ड्रॉपर दाखवला, दुधाची वाटी दाखवली.

"अन् दूध पाजलं का कोमट पाण्यात कापूस बुडवून खालून पुसा. नाही पुसलं तं त्यायले लघवीच होत नाही. मांजर चाटते ना, तसं."

"म्हणजे मी आता मांजर होऊ काय वं?"

"एक दिवस व्हा. माणूस होऊन तं पाहिलं मी." मग दारातून परत फिरली. "अन् गरम राहू द्या त्यायले. अंगात ऊब धरता येत नाही अजून."

नागपूरच्या मे महिन्यात गरम ठेवा म्हणते! मी हसलो. बाहेर लू चालली होती, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. दुपारी दूध पाजलं, पुसलंही. मग मला त्यांची दया आली — खरंच दयाच आली — आणि मी टोपली उचलून मधल्या खोलीत नव्या कूलरसमोर ठेवली. वाळा नुकताच भिजवलेला. हवा खेळावी म्हणून स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं ठेवलं आणि चटईवर आडवा झालो.

झोपेत पायावरून काहीतरी मऊ, वजनदार गेलं. स्वप्न वाटलं. थोड्या वेळानं तळपायांना स्वयंपाकघरातली गरम झळ लागली. डोळे न उघडता मी पायानं दार ढकललं. ते घट्ट बसलं.

उठलो तेव्हा चार वाजले होते. टोपलीत दोन पिल्लं. हात लावला तर ओल्या फडक्यासारखी गार. पंचेचाळीस डिग्रीच्या गावात ती थंडीनं मेली होती. तिसरं नव्हतंच.

ते सापडलं स्वयंपाकघरात, कोमट सिगडीमागच्या गोणपाटावर. जिवंत. अंग ओलं, केस उलटे चाटलेले, पोट टम्म. मानेवर दातांच्या दोन बारीक खुणा, कातडी न फुटलेली. मागच्या दाराला आतून कडी, खिडकीला जाळी. बैठकीचं दारही बंद. डोळे न उघडलेलं पिल्लू उंबरठा ओलांडून कसं गेलं? मित्र म्हणतात, सरपटलं असेल. मग त्यानं स्वतःला चाटलंही असेल!

आणि दारावर, स्वयंपाकघराच्या बाजूनं, खाली वीतभर उंचीवर ताजे ओरखडे. जमिनीवर लाकडाचा भुगा. त्यात पांढरे केस. माझी पिल्लं तिन्ही काळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑइलपेंटचा डबा आणला आणि दार रंगवून टाकलं.

सिंधू आली. टोपली पाहिली, दार पाहिलं.

"पिल्लं मेली अन् तुमाले दार रंगवाचं सुचलं?"

मी म्हणालो, "तू ठेवलेलं दूध नासलं होतं."

हे वाक्य मी म्हणालो. तिनं वाटीचा वास घेतला. संध्याकाळी ड्रॉपर आणि उरलेलं पिल्लू काकांना परत दिलं. पुन्हा एकही घेतलं नाही. आमची मुलगी आता चौदा वर्षांची आहे, तरी तिच्या दुधाचा सिंधू अजून तीनदा वास घेते. मी समोर बसून ते बघत आलो.

गेल्या महिन्यात म्हातारे काका दारात आले, पदराखाली घ्यायला चार पिल्लं आहेत म्हणाले. सिंधू म्हणाली, "नोका देऊ काका. माझ्या हातानं मरते."

त्या रात्री मी सांगितलं. कूलर, दूध, रंग, सगळं.

तिनं आधी विचारलं. "ओरखडे कोनत्या बाजूनं होते?"

"स्वयंपाकघराच्या."

"म्हणजे एक नेऊन ती बाकीच्यायसाठी परत आली होती." मग म्हणाली, "काहून नाही सांगतलं?"

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी जाऊन चारही पिल्लं घेऊन आली. मला हात लावू देत नाही. कूलर बंद आहे, घामानं माझी पाठ सोलली आहे, आणि मधलं दार मिटू नये म्हणून त्याला वरवंटा लावलेला असतो. येणारे-जाणारे ठेचकाळतात, विचारतात. मी कारण सांगतो. वेडा म्हणतात. म्हणू देत.

मेलेलं मांजर बंद घरात कसं आलं, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मी शोधणारही नाही. पण एक गोष्ट सिंधूलाही सांगायची राहिली. इथे छापून आली की ती वाचेल... वाचू दे.

दार बसल्यावर खरखर सुरू झाली होती. बराच वेळ चालली. मी जागा होतो. कूलरची मोटर असेल म्हणालो आणि कूस बदलली.