पेणचे कारखाने, रोह्याचं प्रदर्शन आणि आईचे डोळे

"रोह्याला चित्रं बघायला? अगं, तिथे कंपन्या आहेत!" असं शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि माझं जायचं तिथेच पक्कं झालं. मला कुणी नको म्हटलं की मी बॅग भरते. शिवाय प्रदर्शन माझ्या दादाचं होतं. उभं आयुष्य शिफ्टा करून निवृत्त झालेल्या या माणसाने साठीत ब्रश धरला आणि आता गावातला हॉलच भाड्याने घेतला. फोनवर मात्र त्याचा आवाज पडलेला होता. "आईचं चित्र मधोमध लावायचंय गो. सगळं जमलंय, डोळे तेवढे जमत नायत. उद्या उद्घाटन हाय."

आईचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही. ती गेल्यावर जे काय उरलं ते या चित्रातच होतं, त्यामुळे माझाही जीव त्यात अडकला.

पुण्याहून जाणार असाल तर खोपोलीवरून पेणचा रस्ता धरा. दोन्ही बाजूंना डोंगर आणि कापणी झालेली शेतं, ट्रकही त्या मानाने कमी. सकाळी लवकर निघालात तर दहाच्या आत पेणात पोचाल. तिथे आर्ट गॅलरीची पाटी शोधू नका. कुणालाही "गणपतीचा कारखाना कुठाय?" विचारा, तो बोट दाखवील त्या दिशेला एखादा असतोच. तिकीट नाही, चपला बाहेर काढायच्या, ओल्या मूर्तीला हात लावायचा नाही आणि फोटोआधी विचारायचं. एवढं पाळलंत तर वर चहाही मिळतो.

मी वहिनीच्या माहेरच्या कारखान्यात गेले. तिचे धाकटे भाऊ वसंतराव तो चालवतात. मांडणीवर खालपासून छतापर्यंत पांढरेशुभ्र गणपती. सोंड आहे, कान आहेत, पोट तर आहेच, पण डोळे नाहीत. एवढ्या देवांमध्ये उभं राहून आपल्याकडे कुणीच बघत नाही, हे जरा चमत्कारिक वाटतं. तेवढ्यात वसंतरावांनी ब्रश उचलला. कुणीतरी रेडिओ बंद केला, कुणी पंखा. त्यांनी श्वास रोखला, एक रेघ ओढली, मग दुसरी, आणि गणपती चक्क माझ्याकडे बघायला लागला! याला इथे आखणी म्हणतात.

"हे काहीच नाय," वसंतराव ब्रश पुसत म्हणाले. "आखणीला हात होता तो आमच्या ताईचा."

"कुठली ताई?"

"कुठली म्हणजे? तुमची वैनी!"

मी चाट पडले. वहिनी म्हणजे वालाचं बिरडं आणि खणखणीत बोलणं, एवढीच माझी माहिती. तिने कधी हातात ब्रश धरलेला मी पाहिला नव्हता.

पोह्याचे पापड घेतले, वडखळला पांढऱ्या कांद्याची माळ घेतली (घासाघीस करा, कमी होते), गडब गावाच्या पुढे खड्ड्यांनी हाडं खिळखिळी केली आणि नागोठण्याहून खिंडीच्या रस्त्याने रोहा गाठलं.

हॉलमध्ये दादा शिडीवर, वहिनी खाली शिडी धरून. चित्रं छान होती, अगदी मनापासून सांगते. कुंडलिका नदीचं पाणी, धरमतरच्या खाडीतले मालवाहू बार्ज, मिठागरं. माणसं मात्र झाडून सगळी पाठमोरी. "ही माझी शैली हाय," दादा म्हणाला. त्याला शैली नव्हे, पळवाट म्हणतात, पण मी पुढच्या चित्राकडे वळले. मधोमध आई होती. तेच कपाळ, तोच किंचित वाकडा ओठ. डोळ्यांच्या जागी दोन पुसट डाग, खरवडून खरवडून कॅनव्हास दुखावलेला.

"वहिनी, तू काढ ना," मी म्हटलं.

दादा शिडीवरून वळला. "ही?"

"वसंतराव म्हणाले, तिच्यासारखी आखणी पेणात कुणाची नव्हती."

दादा खाली उतरला. "मला कधी बोलली नायस."

"कुणी विचारलंच नाय," वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. दादाने ब्रश उचलून पुसला. मग तो तिच्यापुढे धरला. "काढशील?"

"मी देवाचे काढलेत, माणसाचे नाय. बिघडले तर?"

"माझ्याकडून काय कमी बिघडलेत?"

वहिनीने पदर खोचला. "पंखा बंद करा. आणि वन्सं, तुम्ही बोलू नका." हे दुसरं काम अवघड होतं. मार्चच्या उकाड्यात आम्ही दोघं घाम गाळत उभे. तिने श्वास रोखला आणि रेघ ओढली.

ती बाजूला झाली, तेव्हा आई बघत होती. मला हुंदका आवरला नाही.

दादा पुटपुटला, "रागावलीय का गो?"

"नाय हो. जेवलात का, असं विचारतायत."

उद्घाटनाला गर्दी झाली, भाषणंही झाली, बटाटेवडे सुरेख होते. रविवारी मी परतले. पापड संपले, कांदे संपत आले. परवा दादाचा फोन आला. त्याने एक कोळीण काढायला घेतलीय, समोरून.

"आणि डोळे?" मी विचारलं.

"विचारलंय तुझ्या वैनीला. म्हणाली, भात उतरवते आणि येते."