खोडून खोडून फाटलेला कागद

पेंटरचा राग सगळ्या गल्लीला ठाऊक होता. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेला. शिडीखाली उभं राहून कोणी ‘जरा डावीकडे घ्या’ म्हणालं की तो ब्रश डब्यात टाकून सरळ खाली उतरायचा. घरात मात्र त्याचा आवाज कधी चढला नव्हता. साथीमुळे शाळा बंद झाल्या, नातीचा पहिलीचा वर्ग सुनेच्या फोनवर भरू लागला आणि तो घरातही धुमसू लागला.

रोज सकाळी बाई वर्गाच्या गटावर उपक्रम टाकत. घरातल्या वस्तूंची नावं लिहा, चित्रं काढा, फोटो पाठवा. नात, जिला सगळे चिमणी म्हणत, फरशीवर पालथी पडून लिहायची. सून शेजारच्या खुर्चीत, कानाला हेडफोन लावून कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत असायची. मधे जरा उसंत मिळाली की तिचा हात खाली यायचा, तो खोडरबर घेऊनच. ‘बादली’ वाकडी, खोड. ‘खिडकी’ ओळीबाहेर गेली, खोड. कागदाला भोक पडलं की नवा कागद. गटावर इतरांचे फोटो यायचे ते छापल्यासारखे. कुठलं अक्षर कोणाच्या आईचं नि कुठलं काकाचं, हे पेंटरला लांबूनही कळायचं. सुनेलाही कळत होतं, पण आपलीच पोर मागे दिसायला नको. तो काही बोलायला गेला की ती म्हणायची, बाबा, तुम्ही यात पडू नका.

मग चिमणीच्या पेन्सिली हरवू लागल्या. नवी आणली की तीही गडप. सुनेनं घर पालथं घातलं, पोरीला धपाटाही घातला. एका सकाळी पेंटर दूध आणायला निघाला, बुटात पाय घातला आणि अंगठ्याला टोक टोचलं. बूट उपडा केला तर सगळ्या पेन्सिली खाली. चिमणी दाराआड उभी होती.

“का गं लपवल्यास?”

“आई खोडते. मला नाही लिहायचं, आजोबा. कधीच नाही.”

पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून अंघोळीला गेली होती. त्यानं तिचा फोन उचलला. कामावर गेलेल्या मुलाला निरोप धाडायची त्याला एकच रीत येत होती. सगळ्यात वरचं नाव दाबायचं आणि माइक धरून बोलायचं. एरवी दुपारी वरती मुलगाच असायचा. त्या दिवशी बाईंनी नुकताच उपक्रम टाकला होता, त्यामुळे वर होता वर्गाचा गट.

“पोरगी आहे की छापखाना? आईबाप लिहिणार, मामा-काका रंगवणार, आणि त्या बाई शाबासकी देणार कोणाला? आपल्या पोरीनं पेन्सिली बुटात लपवल्यात. शाळा उघडली की तिच्या आईलाच बसव बाकावर.”

सून ओल्या केसांनी बाहेर आली तोवर अख्ख्या वर्गानं ते ऐकलं होतं. तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत, म्हणाली. काय झालं ते कळल्यावर पेंटर क्षणभर वरमला, पण माघार घेईना. ऐकू दे सगळ्यांना, म्हणाला. गटावर कोणी शाबासकीचा अंगठा टाकला, कोणी तडक गट सोडला. मग बाईंचाच फोन आला. आता बाबांची खरडपट्टी निघणार, ती त्यांनीच ऐकावी म्हणून सुनेनं तो मोठ्या आवाजावर ठेवला.

बाईही चिडलेल्याच होत्या. “आजोबा, अक्षर कोणाचं ते मलाही दिसतं. पण रोज वरिष्ठांना फोटो दाखवावे लागतात, म्हणून गप्प बसते. आज ती जे लिहील ते तसंच पाठवा.”

“आणि शाबासकी?”

देईन, बाई म्हणाल्या, पण पुन्हा गटावर असं ओरडू नका.

“सगळ्यांत आपल्याच पोरीचे कोंबडीचे पाय दिसणार,” सून म्हणाली.

चिमणी लिहायला बसली. ‘ब’चं पोट भलत्याच बाजूला आलं आणि पेंटरचा उजवा हात आपोआप उचलला गेला. जन्मभर वाकडं अक्षर सरळ केलेला हात तो. पेंटरला स्वतःचाच संताप आला. त्यानं हात मांडीखाली दाबला आणि त्यावर बसला. चिमणीनं मान वर करून पाहिलं.

“पुढचं लिही,” तो गुरगुरला.

तिनं लिहिलं. सुनेनं फोटो काढला. पाठवताना तिचा अंगठा बराच वेळ अधांतरी राहिला. मग तिनं तो दाबला आणि दोघांकडेही न बघता हेडफोन कानाला लावला.